मन उघडायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

काठावरची | ९ जानेवारी, रात्री ११:१०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज आई लवकर झोपलीय म्हणून लिहायला बसले. मोठं होणार आहे, सवडीनं वाचा.

मी ३५ वर्षांची. जुळे सोलापूरला आई आणि मी दोघीच राहतो, शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते. वडील जाऊन ११ वर्षं झाली. २६ वर्षांची असताना माझा साखरपुडा झाला होता, लग्नाला पाच महिने अवकाश होता आणि त्या पाच महिन्यांत रोज रात्री फोन व्हायचा. मी त्याला सगळं सांगितलं. अगदी सगळं, वडिलांनी व्याजानं घेतलेले पैसे, ते आम्ही अजून फेडतोय, शेवटची दोन वर्षं ते प्यायचे, रात्री आई आणि मी त्यांना उचलून आत आणायचो. हे मी माझ्या सख्ख्या मैत्रिणीलाही कधी सांगितलेलं नव्हतं. आणि एका रविवारी देण्याघेण्याच्या बैठकीत, दोन्हीकडची बारापंधरा माणसं सतरंजीवर बसलेली असताना, तो हे सगळं बोलला. मुद्दा म्हणून बोलला. यांच्या घरी असं असं आहे, आम्हाला आधी कळायला पाहिजे होतं. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पुढं काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल, मोडलं.

लग्न मोडल्याचं दुःख वर्षभरात गेलं, खरंच गेलं. आईचं ते दारातलं उभं राहणं गेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या पोरांना माग दाखवायला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात घेऊन गेले होते. तिथं डिझाईनचं काम करणारा एकजण पोरांना ज्याकार्ड समजावून सांगत होता. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर भरतात, मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, भोक असेल तिथली तार वर उचलली जाते, नसेल तिथली खाली राहते, असं करत करत मोर उमटतो. एका पोरीनं विचारलं, चुकीच्या जागी भोक पडलं तर? तो म्हणाला मोराची मान वाकडी होते, मग ती चादर मी घरी नेतो, माझ्याकडं अशा चार आहेत. पोरं हसली. मला तो माणूस तिथंच आवडला, पण हे कळायला मला पुढचं वर्ष जावं लागलं.

तो तेलुगू, घर पूर्व भागात, आई विड्या वळायची. आम्ही रविवारी सकाळी कंबर तलावाला चक्कर मारतो, मग चहा. अजून कधी कधी चुकून मला मॅडम म्हणतो. त्यानं कधी काही विचारलं नाही, मीही नाही. पण सप्टेंबरात मला डेंग्यू झाला, सहा दिवस अॅडमिट होते, आणि त्याचा रोज मेसेज यायचा काय चाललंय म्हणून आणि मी रोज सलाईनच्या हातानं लिहायचे, शाळेत जरा काम आहे. आई एकटी रिक्षानं ये जा करत होती, रक्ताचे रिपोर्ट आणत होती, आणि मी एका हाकेवर येणाऱ्या माणसाला खोटं सांगत होते. नंतर त्याला कुणाकडून तरी कळलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मी काय लांबचा आहे का गं?"

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मी खूप विचार केला की मला नक्की भीती कशाची वाटते. तो नाही म्हणेल याची? नाही. मला भीती वाटते की मला काहीतरी पाहिजे आहे हे समोरच्याला दिसेल. पाहिजे असलेलं माणूस हातात सापडतं ना, बैठकीत सापडले तसं.

आणखी एक सांगते, भाषा शिकवते म्हणून असेल, मला हे जाणवतं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य मी आमच्या घरात, शेजारी, मावश्यांकडं, कुठं म्हणजे कुठंच कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. आपल्याकडं जीव लागतो, जीव जडतो, मन बसतं, म्हणजे सगळं आपोआप होतं, माणूस स्वतः काही करतच नाही. जीव लावला म्हणतो तेव्हा तो लेकरांना नाहीतर गायीम्हशींना लावलेला असतो. म्हणजे जे झालं त्याची जबाबदारी आपल्यावर येतच नाही. त्यामुळं मला वाटतं की मन उघडणं म्हणजे जे झालंय ते सांगणं नव्हे, ते सांगितलं तरी माणूस सुरक्षितच राहतो. मन उघडणं म्हणजे मागणं. मला तू पाहिजेस, तापात तू उशाशी पाहिजेस, हे तोंडानं मागणं.

परवा कसब्यात मावशीकडं गेले होते, गल्लीत सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजाचा सराव चालला होता. पोरं ती एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलून चालत होती आणि मला आजीनं सांगितलेली गोष्ट आठवली. कुंभाराची पोर रोज सिद्धरामेश्वरांच्या दारात सडा घालायची, रांगोळी काढायची. एक दिवस तिनं सरळ सांगितलं, मला तुमच्याशी लग्न करायचंय. ते योगी, शिवाला वाहिलेले, नाही म्हणाले, पण माझ्या योगदंडाशी लग्न लाव म्हणाले. बाराव्या शतकातली गोष्ट. आणि आजही यात्रेत भोगीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सम्मती कट्ट्यावर सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम असा लग्नाचा मंत्र झाला की अख्खं सोलापूर त्या लग्नाच्या अक्षता टाकतं. लहानपणापासून ही गोष्ट मी त्यांच्या वैराग्याची म्हणून ऐकली. यंदा पहिल्यांदा ती मला तिची वाटली. ती बाई मागायला घाबरली नाही. तिला काठी मिळाली, पण तिनं मागितलं होतं म्हणून आठशे वर्षांनी लोक घरून तांदूळ घेऊन येतात.

तुम्ही कसं केलंत? खरं खरं लिहा.

माडीवरची | ९ जानेवारी, रात्री ११:४८

सलाईनच्या हातानं शाळेत काम आहे लिहिलंस ते वाचून मला रडू आलं, कारण मी हेच केलंय. माझं मूल पोटातच गेलं तेव्हा नवरा दौऱ्यावर होता आणि मी फोनवर सगळं ठीक म्हणून सांगितलं होतं. त्याला नंतर कळल्यावर तो जे बोलला ते तुझ्या मित्रासारखंच होतं, फक्त शब्द वेगळे. आपण समजतो की आपण त्यांना त्रासातून वाचवतोय. त्यांना वाटतं आपल्याला दाराबाहेर उभं केलं.

उद्या सविस्तर लिहिते.

तारजोड | १० जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, मी ४० वर्षं माग चालवला, आता डोळ्यामुळं बंद केलाय, म्हणून मागाचंच सांगतो. ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटली आणि कामगाराचं लक्ष नसलं तर माग चालूच राहतो, कापड विणलं जातंच, पण त्या तारेच्या जागी कापडाच्या शेवटापर्यंत रेघ पडत जाते. नवीन पोरं माग थांबवायला घाबरतात, कारण थांबवला की मीटर कमी भरतात आणि तेवढे पैसे कमी मिळतात. पण थांबवायलाच लागतं. तार शोधायची, गाठ मारायची, फणीतून परत ओवायची, मग चालू करायचा. सप्टेंबरात तुमची तार तुटली, तुम्ही माग चालू ठेवलाय. रविवारची चक्कर, चहा, सगळं चालू आहे, कापड दिसायला चांगलंच दिसतंय, रेघ लांबत चाललीय.

बायकोला मी असलं कधी बोललो नाही. ती आजारी पडली तेव्हा बोलायचं होतं, तेव्हा तिला ऐकू येत होतं की नाही माहीत नाही. मी बोललो. सिव्हिलच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची माणसं बघत होती तरी बोललो. त्याचं मला समाधान आहे, पण ते ३० वर्षं आधी बोलायला पाहिजे होतं.

निळीशाई | १० जानेवारी, सकाळी ९:३०

काठावरची, तुझं लिखाण मनापासून आवडलं पण कुंभारकन्येचं मला अजिबात पटलं नाही आणि ते स्पष्ट सांगते. तू गोष्ट अक्षतेपाशी थांबवलीस. दुसऱ्या दिवशी संक्रांतीला होम मैदानावर काय होतं ते आपण सगळे जाणतो. तिथं प्रतिमेच्या रूपानं ती अग्नीत जाते. म्हणजे ज्या पोरीनं मागितलं तिला आधी माणसाऐवजी दंड मिळाला आणि मग आग मिळाली. श्रद्धेचा भाग वेगळा, यात्रा माझीही आहे, मी दरवर्षी जाते, हातात अक्षता घेऊन उभी राहते. पण प्रेमाचा धडा म्हणून ही गोष्ट पोरींना देऊ नका. आपल्या बायका शतकानुशतकं हेच करत आल्यात, दुसऱ्याच्या नकाराचा सांभाळ करत बसतात. मागायचं तर अशा माणसाकडं मागायचं की जो हो म्हणू शकतो. आणि नाही म्हणाला तर घरी येऊन जेवायचं, झोपायचं, सकाळी कामाला जायचं.

बाराबंदी | १० जानेवारी, दुपारी १:१५

निळीशाई यांचं म्हणणं बरोबर आहे आणि तरी मला दोन गोष्टी सांगायच्यात.

मी १७ वर्षं नंदीध्वज पेलला. पांढरी बाराबंदी घालून अनवाणी, पहिल्या दिवशी ६८ लिंगांची प्रदक्षिणा, खांद्याला आणि कमरेला सूज यायची. आमची आई अक्षतेच्या दिवशी खूष असायची, नवी साडी नेसायची, आणि होमाच्या संध्याकाळी मैदानावर पदर डोळ्याला लावायची. दरवर्षी. मी एकदा विचारलं आई, का रडतेस, तर म्हणाली लेक जातीय की रे. म्हणजे बायकांना त्या आगीचं काय ते कळत होतं, कुणी त्यांना फसवलं नव्हतं. दोन्ही दिवस त्या सोबत करत होत्या, लग्नालाही आणि होमालाही.

दुसरी गोष्ट माझी. १९८९ साली कॉलेजला होतो. वर्गात एक कन्नड बोलणारी मुलगी होती, अक्कलकोटकडची, एसटीनं ये जा करायची. दोन वर्षं रोज संध्याकाळी मी स्टँडपर्यंत सोबत चालत गेलो, माझं घर उलट्या दिशेला होतं. तिला ते माहीत होतं. शेवटच्या पेपरला ती गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, काही बोलायचंय का? मी म्हणालो, सावकाश जा. एवढंच. गाडी गेली. मला आता नात आहे, संसार चांगला झाला, बायकोवर माझा जीव आहे, त्यात काही कमी नाही. पण ती गाडी मला अजून दिसते. ती नाही म्हणाली असती तर मी केव्हाच विसरलो असतो. मी विचारलंच नाही म्हणून ते तसंच राहिलं. काठावरची ताई, तुमच्या आजीच्या गोष्टीतल्या पोरीनं जे केलं ते मला जमलं नाही, म्हणून मी तिला मोठं मानतो, आग बाजूला ठेवूनसुद्धा.

निळीशाई | १० जानेवारी, दुपारी १:५२

काका, वाचलं. लेक जातीय की रे हे वाचून गप्प बसले. माझं मत बदललेलं नाही पण यंदा होमाला आईंची आठवण काढेन.

भैय्याचौक | १० जानेवारी, संध्याकाळी ६:२०

आपल्या गावची एक गोष्ट यात यायलाच पाहिजे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. शाळेत आपण त्यांचा धडा सेवेचा म्हणून वाचला, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर ऑपरेशनं केली, तिथंच गेले. पण मी भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात पोरीला घेऊन गेलो तेव्हा ती फोटोपाशी उभी राहिली, ते आणि त्यांची बायको गुओ चिंगलान. नर्सिंग शिकवायच्या त्या. सोलापूरचा माणूस, बाहेर युद्ध, बॉम्ब पडतायत, वडील इकडं वारले तरी परत आले नाहीत, चिनी भाषा शिकलेले. १९४१ च्या शेवटी लग्न केलं, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, वय ३२. म्हणजे लग्नाला जेमतेम वर्ष.

मला काय म्हणायचंय, त्या दोघांना माहीत होतं की उद्याचा भरवसा नाही. सुरक्षित झाल्यावर बघू, युद्ध संपल्यावर बघू, असं म्हणायला त्यांच्याकडं आपल्यापेक्षा जास्त कारणं होती. तरी त्यांनी लग्न केलं. त्या पुढं ७० वर्षं जगल्या, २०१२ साली गेल्या, भारतातही येऊन गेल्या. एका वर्षाच्या संसारावर माणूस एवढं नातं धरून राहतं.

माझी पोर ११ वर्षांची आहे, ती मला म्हणाली बाबा त्यांनी एकमेकांशी कुठल्या भाषेत भांडण केलं असेल. मला फार आवडलं ते.

तीस_दिवस | १० जानेवारी, रात्री १०:३५

मी मराठी, नवरा उर्दू बोलणारा, दोघंही सोलापूरचेच. आम्ही स्पेशल मॅरेज अॅक्टखाली लग्न केलं. १९५४ चा कायदा आहे. त्यात आधी अर्ज द्यावा लागतो आणि मग ३० दिवस तुमची नोटीस लग्न नोंदणीच्या ऑफिसात लावतात, कुणाला हरकत असेल तर घ्या म्हणून. नाव, वय, धंदा, पत्ता सगळं. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण पाहिजे, लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार पाहिजेत.

ते ३० दिवस मी विसरणार नाही. मी लपून छपून प्रेम केलेली मुलगी, सात वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि आता माझं नाव त्याच्या नावाशेजारी टाईप करून भिंतीला टाचणीनं लावलेलं. येणारा जाणारा वाचू शकत होता. मी रोज ऑफिसवरून परत येताना तिथं जाऊन बघायची की कागद आहे का, फाडला तर नाही. आठव्या दिवशी माझे वडील तिथं उभे दिसले. कागदाकडं बघत. मी मागं थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं आणि निघून गेले. त्यांनी हरकत घेतली नाही. लग्नाला आले नाहीत, पण हरकत घेतली नाही. दोन वर्षांनी शेंगाचटणीचा डबा घेऊन आले.

काठावरची, तू लिहिलंस की पाहिजे असलेलं माणूस हातात सापडतं. खरं आहे. मी महिनाभर भिंतीवर सापडलेली होते. पण त्या महिन्यात मला पहिल्यांदा मोकळी झोप लागायला लागली, कारण लपवायला काही उरलं नव्हतं.

होटगीरोड | ११ जानेवारी, सकाळी ८:१०

इथं सगळे मन उघड, मन उघड म्हणतायत म्हणून मी उलट बाजू मांडतो. सगळ्यांपाशी मन उघडू नये. मी उघडलं, तिनं मैत्रिणींच्या ग्रुपवर माझे मेसेज टाकले, पुढचं सहा महिने मी कॉलेजला गेलो नाही. काठावरची ताई, तुम्ही नऊ वर्षं बंद राहिलात त्यात तुमची चूक नाहीये. बंद दार हे पण काहीतरी राखत असतं. लोक म्हणतात प्रेमात विश्वास टाकायचा असतो, पण विश्वास काय डोळे झाकून टाकायचा का?

ऐकणारी | ११ जानेवारी, दुपारी ३:४०

मी समुपदेशक आहे. होटगीरोड, तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि काठावरचीच्या पहिल्या गोष्टीचं उत्तर मला तिथंच दिसतं.

१९९७ साली आर्थर अॅरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला होता. अनोळखी लोकांच्या जोड्या केल्या, ४५ मिनिटं दिली. काही जोड्यांना ३६ प्रश्न दिले, सुरुवातीला साधे, जेवायला कुणाला बोलवायला आवडेल असले, आणि मग हळूहळू खोल, शेवटी शेवटी तू शेवटचा कधी रडलास इथपर्यंत. बाकीच्या जोड्यांना नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पांचे विषय. प्रश्न घेतलेल्या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. पण लोक सांगताना मुख्य गोष्ट विसरतात. ते प्रश्न दोघांनीही सोडवायचे होते. पाळीपाळीनं. एकानं एक पायरी उतरली की दुसऱ्यानं उतरायची, मग पुढची.

काठावरची, मला तुला एकच विचारायचंय. त्या पाच महिन्यांत तू रोज सांगत होतीस. तो काय सांगत होता?

काठावरची | ११ जानेवारी, रात्री ११:५५

दुपारी तुमचा प्रश्न वाचला आणि त्यानंतर शाळेत दोन तास काय शिकवलं मला आठवत नाही.

काहीच नाही. तो काहीच सांगत नव्हता. मी नऊ वर्षं हा हिशेब वेगळाच मांडत होते, की मी जास्त बोलले, मला तोंड आवरता आलं नाही, म्हणून आईला ते बघावं लागलं. तो पलीकडून "हं" म्हणायचा, "मग पुढं?" म्हणायचा, आणि मला वाटायचं किती छान ऐकतो. त्याच्या घरचं, त्याला कशाची भीती वाटते, तो शेवटचा कधी रडला, मला एक गोष्ट माहीत नव्हती. मी एकटीच विहिरीत उतरत गेले आणि तो काठावर दोर धरून उभा होता. माझं इथलं नाव काठावरची आहे, ते मी नंतर घेतलं.

आणि आता हा. हे लिहिताना लक्षात आलं म्हणून सगळं आठवून लिहिते. लहानपणी तो अडखळत बोलायचा म्हणून शाळेत कविता म्हणायला उभं केलं की पोटात दुखतंय सांगायचा, हे त्यानं मला सांगितलंय. आई दिवसाला हजार विड्या वळायची आणि तो आणि बहीण शाळेतून आल्यावर पानं कापून द्यायचे, आणि एकदा त्यानं पानं चुकीची कापली म्हणून आईची अख्ख्या दिवसाची मजुरी कापली गेली, ते त्याला अजून लागतं. हे त्यानं गेल्या उन्हाळ्यात तलावावर सांगितलं. वडिलांच्या अंत्यविधीला त्याला रडू आलं नाही याची लाज वाटते, तेही. म्हणजे तो तीन वर्षं एकेक पायरी उतरत होता आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचे, हो का, आणि चहाचे पैसे द्यायला उठायचे.

होटगीरोड दादा, तुमच्यासाठीही लिहितेय हे. तुम्हीही तपासून बघा की ती तुम्हाला काही सांगत होती का.

निळीशाई, तुझं पटलं. आगीपर्यंत मी जाणार नाही. पण मागण्यापर्यंत जाऊन बघते.

होटगीरोड | १२ जानेवारी, सकाळी ७:३०

नव्हती सांगत. विचार करतोय.

शनिवारची_गाडी | १२ जानेवारी, दुपारी १२:०५

धागा वाचत होतो, लिहिणार नव्हतो. मी पुण्यात नोकरीला, बायको शिक्षिका सोलापुरात, आठवड्याला संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतो. आमचं ठरवून झालेलं लग्न, सहा वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी फक्त हिशोब बोलायचो, गॅस संपला, फी भरली, गाडी कितीला पोचते. एकदा दौंडला गाडी दोन तास थांबली आणि मोबाईलची चार्जिंग संपत आली होती. मी तिला शेवटचा मेसेज केला, मला घरी यायचंय. एवढाच. रोजचाच माणूस, घरीच येत होतो, पण तिला कळलं की मी काय म्हणालो. रात्री १ वाजता ती भाकरी टाकायला उठली, तेव्हा ओट्यापाशी आम्ही पहिल्यांदा बोललो. त्यामुळं शब्दांची फार चिंता करू नका ताई. ठरवलेलं वाक्य घेऊन जाऊ नका. जे खरंच पाहिजे आहे तेवढं सांगा.

काठावरची | १३ जानेवारी, रात्री १०:२०

आज शाळेला हाफ डे होता. त्याला मेसेज केला, अक्षतेला माझ्यासोबत येशील का. तो दरवर्षी येतोच, पण कारखान्यातल्या लोकांसोबत. आज माझ्यासोबत आला.

गर्दी काय सांगू, सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूनं मुंगीला वाट नव्हती. सातही नंदीध्वज आले, सम्मती झाली, सत्यम सत्यम झालं आणि चहूकडून तांदूळ उडाले, एवढे की केसात, कॉलरमध्ये, सगळीकडं. मी यंदा तिच्यासाठी टाकले. निळीशाई, तुझ्या नावानंही मूठभर टाकले.

नंतर गर्दी ओसरल्यावर तळ्याच्या कठड्यापाशी उभे राहिलो आणि मी त्याला बैठकीचं सांगितलं. क्रमानं नाही सांगता आलं, आधी ट्रेचं सांगितलं, मग व्याजाचं, मग वडिलांना उचलून आणायचो ते. बोलताना माझे हात थरथरत होते, ते मी लपवले नाहीत, कठड्यावर तसेच ठेवले. तो मध्ये एकदाही "मग पुढं?" म्हणाला नाही. सगळं संपल्यावर बराच वेळ गप्प होता आणि मला वाटलं झालं, संपलं.

मग त्यानं विचारलं, "त्या खोलीत तू कुठं बसली होतीस?"

नऊ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारतात पुढं काय झालं, त्यांनी काय मागितलं होतं, आई काय म्हणाली. मी कुठं होते हे मलाच आठवावं लागलं. आतल्या खोलीच्या पडद्यामागं होते. उभी होते, बसले नव्हते. मला बाहेर बोलवायचं होतं चहा झाल्यावर, म्हणून साडी नेसून उभी होते आणि पडद्यातून फक्त आईची पाठ आणि तिच्या हातातले कप दिसत होते. मी हे त्याला सांगितलं आणि रडले. खूप रडले. तो माझ्या केसातले तांदूळ काढत होता.

माडीवरची | १३ जानेवारी, रात्री १०:३१

अगं बाई. मिठी तुला.

तारजोड | १३ जानेवारी, रात्री १०:४०

फार चांगलं केलंत.

बाराबंदी | १३ जानेवारी, रात्री १०:५८

आम्ही तिथंच होतो, त्याच तळ्यावर, नातीला खांद्यावर घेऊन. बरं वाटलं.

ऐकणारी | १३ जानेवारी, रात्री ११:०४

आणि मागितलंस?

काठावरची | १३ जानेवारी, रात्री ११:२६

हो. लग्नाचं नाही, ते आज नव्हतं माझ्या तोंडात. सोमवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सकाळी ८ ला न्यायचंय, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आम्ही दोघीच जाणार होतो. ते सांगितलं आणि म्हणाले, मला एकटीनं जायचं नाहीये, तू येशील का. हे शेवटचे तीन शब्द बोलायला मला किती वेळ लागला ते तोच सांगू शकेल.

तो म्हणाला रिक्षा नको, मित्राची गाडी घेतो, साडेसातला खाली थांबतो. आणि आईंना सकाळी काही खायला चालतंय का ते दवाखान्यात विचारून ठेव.

माडीवरची | १३ जानेवारी, रात्री ११:३०

आईंचं झालं की आम्हालापण कळव गं.

काठावरची | १३ जानेवारी, रात्री ११:३३

हो. कळवते.